गावाला हवा होता एक शहीद

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की चिंचखोंड गाव लागतं. लागतं म्हणजे, लक्ष ठेवलं तर लागतं. हे दुःख गावाला फार दिवस सलत होतं. आजूबाजूच्या गावांनी रस्त्यावर कमानी उभारल्या, कुणी देवाच्या नावाने, कुणी पुढाऱ्याच्या, आणि दोन गावांनी तर थेट शहीद जवानाच्या. त्या कमानींपाशी गाड्या थांबतात, लोक फोटो काढतात. चिंचखोंडलाही मग शहीद हवासा वाटू लागला.

खरं म्हणजे चिंचखोंडकडे शहीद होता. नागसेन त्याचं नाव. पण तो वहाळापलीकडच्या बौद्धवाडीतला, म्हणजे वाडीचा शहीद, गावाचा नव्हे. गाव आणि वाडी हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं व्याकरण इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. गावाची गावकी वेगळी, वाडीची वेगळी. सगळा कारभार गावकीच ठरवते.

गावाच्या वाट्याला उरला हवालदार श्रीपत. बारा वर्षांपूर्वी सीमेवर सुरुंगावर त्याचा उजवा पाय पडला. पाय तिकडेच राहिला, श्रीपत परत आला. जिवंत आला हीच त्याची चूक. आता जित्या माणसाला शहीद कसं लिहायचं, यावर गावकीच्या बैठकीत बरीच डोकी खाजवली गेली. शेवटी मुंबईहून खास आलेले अध्यक्ष गोमाजीशेठ म्हणाले, "इश्यू काय हाय? पाय तर शहीद झाला ना? मग बाकीचा पन त्याचाच." बैठकीने टाळ्या वाजवल्या. श्रीपत कोपऱ्यात बसून होता. त्याला कुणी विचारलं नाही.

दर सव्वीस जानेवारीला शाळेत त्याचा सत्कार व्हायचा, आणि त्याने मारलेल्या शत्रूंचा आकडा दर सत्काराला वाढायचा. प्रत्यक्षात त्या दिवशी त्याच्या हातून एकही गोळी सुटली नव्हती. बर्फातून गस्त चालली होती. स्फोट झाला, तो पडला, आणि समोरच्या टेकाडावरून गोळीबार सुरू झाला. सुरुंग शोधणारे येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, असा हुकूम सुटला. नागसेन हलला. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच तुकडीत पडलेले. श्रीपत ओरडत होता, "येऊ नको रे!" आणि नागसेन श्रीपतच्याच बुटांच्या ठशांवर पाय ठेवत येत होता. त्याने पट्ट्याने मांडी आवळली, श्रीपतला पाठीवर घेतलं, त्याच ठशांवरून परत फिरला. खडकाआड ठेवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मग वायरलेसवाला राजस्थानी पोरगा पलीकडे कण्हत होता, त्याच्यासाठी पुन्हा गेला. खडकाआडून श्रीपतला फक्त नागसेनचे बूट दिसत होते. ते थोडा वेळ हलले, मग हलले नाहीत.

नागसेनची आई मैना श्रीपतला पोलादपूरच्या एसटी स्टँडवर भेटे. एकदा म्हणाली, "सरकारनं पदक दिला, पेटीत हाय. पन माज्या पोराचा नाव गावाच्या तोंडून एकदा ऐकायचा हाय रे. मी हाय तवर."

"होय, काकी," श्रीपत म्हणाला होता. म्हणाला आणि गप्प राहिला. सुरुंगाला न घाबरणारा माणूस गावकीला घाबरतो, यात हसण्यासारखं काही नाही. सुरुंग एकदाच फुटतो. वैशाखात त्याच्या मुलीचं, श्रुतिकाचं लग्न होतं, आणि मांडव घालायला, रांधायला, वाढायला गावकीचीच माणसं लागणार होती.

उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी आले, बँड आला. कमानीवर ठसठशीत अक्षरं होती: वीर शहीद हवालदार श्रीपत प्रवेशद्वार. शहीद खाली खुर्चीत बसून घाम पुसत होते. वाडीला आमंत्रण नव्हतं. पण बँडला वहाळ आडवा येत नाही, त्यामुळे पलीकडच्या काठावर वाडीची माणसं उभी होती, आणि त्यांत मैना होती. श्रीपतला ती दिसली.

गोमाजीशेठांनी माइक त्याच्या हातात दिला. "दोन शब्द बोल. भारी बोल."

"मी मेलेलो नाय," श्रीपत म्हणाला. लोक हसले. "मेला तो नागसेन. मला पाठीवर घेऊन आला, दुसऱ्याला आणाया गेला नि मेला. मी एक गोळी झाडली नाय. त्याच्या बाटलीतला पाणी पिऊन जगलो हाय मी."

हसणं थांबलं. गोमाजीशेठांनी खूण केली आणि माइक मेला. पण ज्याने मैदानभर रंगरूट ओरडून चालवले, त्याला माइकची काय मातब्बरी! "कमानीवर नागसेनचा नाव लावा!" आवाज डोंगरावर आपटून आला. "नायतर कमान पाडा!"

पुढाऱ्यांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. ओरडा ऐकून त्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. पाहुणे वाजवतात म्हटल्यावर गावालाही वाजवाव्या लागल्या. नागसेनला गावाने दिलेली मानवंदना ती एवढीच.

त्याच संध्याकाळी देवळात बैठक बसली. "मॅटर सेन्सिटिव्ह हाय," गोमाजीशेठ म्हणाले. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा, त्यामुळे तो शब्द कुणीही काढला नाही. श्रीपतच्या घरी जायचं नाही, लग्नात पाऊल टाकायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही, एवढंच ठरलं. त्याला ठराव म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मैना काठी टेकत वहाळ ओलांडून आली आणि अंगणातच थांबली. श्रीपतने हात धरून तिला ओटीवर घेतलं, खुर्ची दिली.

"ऐकलात काय, काकी?"

"ऐकला. डोंगरानं पन एकदा म्हटला."

श्रीपतला रडू आलं. पाय गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. "पोरीचा लग्न हाय, काकी. नि गावानं मला बाहेर काढलानी."

"मग रडतोस कशाला? आमी कवापासनं बाहेरच हाव, जागा मोप हाय." म्हातारीने पदराने त्याचे डोळे पुसले. "लग्नाचा आमी बायका रांधू. नि तुज्या गावाला सांग, भूक लागली तर या. आमी कुनाला नाय म्हनत नाय."