हळदीच्या गोळ्या

हळद भिजवल्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. ताईच्या होणाऱ्या सासूबाई सहज म्हणाल्या, "थोडी बारीक हो, शालू खुलेल," आणि ताईनं कोठी बाजारातल्या एका दुकानातून हळदीच्या गोळ्या आणून जेवण जवळजवळ सोडलंच. "दुकानदार म्हणाला, यानं भुकेचे हार्मोन काबूत येतात, चरबी उतरते," ती मला समजावत होती. "त्याला ठोस पुरावा कुठंय? आधी जेव!" मी ओरडले. "नक्को गं तुझं भाषण, ते आबिड्सच्या चौकातल्या तुमच्या सभेत दे," ती हसली. लग्नाआधी हळद लावताना ती पाटावरच भोवळ येऊन पडली. मी तोंडावर पाणी शिंपडलं, तेव्हा डोळे उघडत ती कुजबुजली, "ब्लाउज सैल झाला का गं?" तेव्हापासून अशा गोळ्यांविरुद्ध वाटायला मी इतकी पत्रकं लिहिली, पण त्या प्रश्नाला पुरेल असं एक वाक्य मला अजून सुचलेलं नाही.