फाटकावरचा बयूमी

बयूमी आमच्या कफर शल्बाया गावच्या रेल्वेफाटकाचा राखणदार. फाटकाला लागूनच माझी चहाची टपरी, म्हणून त्याची जन्माची कुरकुर माझ्याच कपाळी. पण खोटं कशाला बोलू? कबरस्तान रुळांपलीकडे, म्हणून गावात मयत झालं की हा आधी मागच्या स्टेशनला फोन लावायचा, गाडी तिथेच थांबवायचा. आमच्यात मयताला ताटकळत ठेवत नाहीत.

मग कैरोहून नवं धोरण आलं. फाटकं आपोआप पडणार, कारभार शहरातल्या कंट्रोल रूमकडे. बयूमी घरी. तरी मेला रोज माझ्या बाकावर येऊन बसायचा.

"मला परत बोलावतील बघ, नजातच्या आई. मशीनला काय कळतंय मयत?"

"चहा ढोस आणि गप बैस," मी म्हणायची.

त्यात रमजान खाटकाचा बाप वारला. जनाजा फाटकाशी आला आणि फाटक धाडकन खाली.

"माझ्या बापाला अडवता? तोडा रे!" रमजान खवळला.

कुऱ्हाडीने फाटक तोडून जनाजा रुळांकडे निघाला. बयूमी आडवा गेला.

"गाडी येतेय, मुडद्यांनो! मागे व्हा!"

"सरकारचा कुत्रा!" म्हणत रमजानने कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या थोबाडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज मला टपरीत ऐकू आला. रमजानच्या भावांनी लाथांनी तुडवला त्याला. मी उकळती किटली एकाच्या पाठीवर ओतली, अजिबात पश्चात्ताप नाही. बयूमीने मात्र पडल्या पडल्या रमजानच्या पायांना मिठी घातली, ती काही सोडली नाही.

गाडी आली. जनाज्याची पुढची बाजू उडाली, धाकट्या भावाचा हात मनगटापासून गेला, मयत खडीवर पडलं. रमजान तेवढा धडधाकट.

महिन्याभराने चौकशीला रेल्वेचे साहेब आले. सगळं गाव ओरडलं, "माणूसच हवा! बयूमीच हवा!" रमजानचा आवाज सगळ्यांत मोठा. बयूमीच्या कपाळाचा मुकासुद्धा घेतला मेल्याने.

"मग काय काका, येताय ना कामावर?" साहेबांनी विचारलं.

बयूमीचे दात तारेने बांधलेले. तो फटीतून बोलला.

"नको, साहेब. मशीनच ठेवा. त्याला मारलं तर दुखत नाही."

 मी त्याचा चहा बशीत गार करून पुढे केला.