दराची वाट बघणारा काटा

सलोनी भडकली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. मला ते जमत नाही. पोलादपूरच्या वर, वाडीच्या फाट्यावर मी दूध संकलन केंद्र चालवतो आणि त्या सकाळी ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

सलोनी याच वाडीतली. आई अंबूबाई अजून गुरं सांभाळते. पोरगी कॉम्प्युटरची जावा भाषा शिकली, पुण्याच्या कंपनीत लागली आणि आता महाडात खोली घेऊन तिथूनच काम करते. आमच्या डेअरीचा सगळा कारभार त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. पूर्वी एकच अगडबंब प्रोग्राम होता. सलोनीच्या टीमने तो फोडून क्लाउडवर लहान लहान सेवा केल्या. एक वजन घेते, एक दर सांगते, एक पावती काढते. अशा कामाचे ठरलेले नियम असतात. त्यातला एक तिने मला चहा पिताना सांगितला होता. एका सेवेने उत्तर दिलं नाही तर बाकीच्यांनी ताटकळायचं नाही. जुन्या दराने काम पुढे न्यायचं, हिशेब मागाहून जुळवायचा. आमच्या वाडीत तरी वेगळं काय? कोणी आजारी पडलं तर शेजारी न सांगता त्याचं दूध खाली आणतो.

तिने तसं लिहिलंही होतं. पण डेअरीवाल्यांना दाखवताना पडद्यावर 'जुना दर' अशी अक्षरं आली आणि तिच्या साहेबाला ती खुपली. म्हणाला, तो भागच काढून टाक, पुढे बघू. तिने लेखी विरोध केला, तर त्याने तो दुसऱ्या कोणाकडून काढवून घेतला.

ऐन उन्हाळ्यात, त्या सकाळी, दराची सेवा बंद पडली आणि तिची वाट बघत माझा वजनकाटाही थिजला. पावतीशिवाय टँकरवाला दूध घेत नाही. कंपनीला फोन केला की, "बघतोय." डोंबल बघतायत! ऊन चढलं, टँकर रिकामा गेला. सलोनी सुट्टीवर आईकडे आली होती, तिला मी निरोप पाठवला.

लॅपटॉप घेऊन ती धावत खाली आली. रांगेतल्या अंबूबाईने किटलीचं झाकण उघडलं. दूध फाटलं होतं.

"तुझंच काम हाय ना गो ह्ये?"

"होय," सलोनी म्हणाली. साहेबाचं नाव घेतलं नाही. माझाच जीव तळमळला.

कोणाला न विचारता, माझ्या पायरीवर बसून तिने काढलेला भाग परत घातला. काटा चालू झाला.

तेवढ्यात साहेबाचा फोन. शेजारी उभ्या मलाही ऐकू येत होतं. दुधाची चौकशी नाहीच. "रिपोर्टमध्ये लिही, डोंगराळ भागात नेटवर्क नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. नेटवर्क नसलेली केंद्रं बंद करायचं डेअरीने आधीच ठरवलं होतं. त्या एका वाक्याने अख्ख्या वाडीचं दूध डोक्यावरून पोलादपूरला न्यावं लागलं असतं!

सलोनीने स्पीकर लावला. "सर, परत सांगा. ज्यांचं दूध नासलं, ते सगळे इथे उभे आहेत."

"नोकरी हवी आहे ना तुला?"

तिचा आवाज आणखी खाली आला. "हवी आहे, सर. पण नेटवर्क होतं. त्याच नेटवर्कवरून तुम्ही बोलताय."

रिपोर्ट तिने तिथूनच पाठवला, आपला लेखी विरोध जोडून. संध्याकाळी कंपनीने तिचं लॉगिन बंद केलं. नोकरी गेली.

आमचं केंद्र चालू आहे, तिने परत घातलेल्या त्याच ओळींवर. साहेबही अजून तिथेच आहे.