ओठांवरचं दुखणं

कोंडीरामला मुतखडा झाला तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जोरात होते. घोषणा द्यायला आमच्या घोडपदेवच्या चाळीत त्याच्यासारखा गळा दुसरा नव्हता. एरवी मात्र हा गडी मुलखाचा घुम्या. सारी हयात गिरणीच्या साळखात्यात मागांवर, म्हणजे सांच्यांवर, गेलेली. तिथे सांच्यांच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? विणकर नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. कोंडीरामला ही सवय इतकी जडली होती, की घरीसुद्धा मीठ मागायचं तर आवाज नाही. त्यावरून मी त्याला फार छळायचो.

परळच्या इस्पितळात कुशीला चीर देऊन चिंचोक्याएवढा खडा काढला. पण धास्ती पुढेच होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोल श्वास घ्यायचा, खोकायचं, नाहीतर कफ साठून छाती भरेल. हा तर लाकडासारखा पडून. दुसऱ्या दिवशी ताप चढला. नर्सबाई खाटेखाटेशी दुखतंय का विचारत आल्या, नजर हातातल्या कागदावर. कोंडीरामचा आवाज आला नाही, तशा पुढे गेल्या. सगळा वॉर्ड कण्हत होता आणि हा एकटा गप्प. मला त्याच्या सोसण्याचं कौतुक वाटत होतं.

भेटीच्या वेळेला त्याची बायको कौसल्या आली. तीही गिरणीतलीच, वाइंडिंग खात्यातली. वॉर्डाच्या दारातून तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवून तडक नर्सबाईंना गाठलं. म्हणाली, ते सुई मागताहेत, सोसत नाही म्हणताहेत. मी थक्क झालो. मी उशाशी बसलो होतो आणि तिने ते एवढ्या लांबून वाचलं होतं.

मग ती त्याच्यापाशी येऊन वाकली.

"हयसर सांचे चालनत नाय," ती म्हणाली. "आवाज काढून सांगा."

त्याने डोळे मिटले. गळ्याची शीर फुगली.

"दुखता गो. खूप दुखता."

मोर्चा गाजवणारा तो आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. कण्हणारेसुद्धा गप्प झाले. नर्सबाई सुई घेऊन धावत आल्या.

हळूहळू त्याचा चेहरा सैलावला. कौसल्याने टाक्यांवर उशी दाबून धरली आणि खोका म्हणाली. तो खोकला, पुन्हा खोकला, छातीतला कफ सुटला. आजवर मी त्याच्या तोंडून पुष्कळ घोषणा ऐकल्या होत्या, पण अंगावर काटा आला तो त्या खोकल्याने.