निसरड्यावरची विमानं

विमानतळाला खेटलेल्या बाडहूव्हडॉर्प या डच गावातल्या आमच्या मराठी कट्ट्यावर रविवारी पोहे संपतात, चहा संपतो, पण विमानतळाच्या गोष्टी काही संपत नाहीत. उन्हाळ्यातल्या गोष्टी कुणी लक्षातही ठेवत नाही. एकदा का बर्फ पडला की मात्र जो तो घरी एखादा किस्सा घेऊनच येतो! मी विमानांना वाट दाखवणारी पिवळी गाडी चालवते, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच.

*

पहिल्या हिवाळ्यात आमचा डच बॉस हेंक माझ्या शेजारी बसला. समोर रिकामा टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीपर्यंत जायचा रस्ता, बर्फाने नुसता चकाकत होता. "मार ब्रेक," हेंक म्हणाला. मी मारला. चाकं थांबली, गाडी नाही! आम्ही दोघं आरामात पुढे निघालो. मी देवाचा धावा करतेय आणि हा बाबा च्युइंगगम चघळतोय.

गाडी एकदाची थांबली तेव्हा म्हणाला, "बर्फावर ब्रेक म्हणजे हुकूम नव्हे, विनंती. आणि तुझी ही गाडी काहीच नाही. तुझ्या मागे येतं ते सत्तर टनांचं असतं."

तेव्हापासून मागच्या आरशात विमान दिसलं की मी आधी मनातल्या मनात हात जोडते.

*

आमचा सुनील सांगलीचा. क्रेनच्या पाळण्यात उभा राहून तो विमानाच्या पंखांवर गरम द्रावण फवारतो, बर्फ उतरवायला. एकदा त्याची आई भारतात परत निघाली आणि नेमकं तिचंच विमान याच्या वाट्याला आलं. वाफेच्या ढगातून हा वर येतो तर खिडकीत आई!

पोरगा हवेत लटकलेला, हातात हा एवढा पाइप, खाली केवढा तरी पंख. दुसऱ्या कुणाचा ऊर भरून आला असता. काकूंनी काचेवर टकटक केलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवले. कान झाक!

"फवारा थांबवून आधी टोपी ओढली," सुनील सांगतो. "न ओढून करतो काय?"

*

बर्फ काढणाऱ्या गाड्या धावपट्टीवर उतरतात ते एकदा बघायलाच हवं. तिरप्या रांगेत, एकीच्या मागे एक, पहिलीने ढकललेला बर्फ दुसरी पुढे ढकलते, दुसरीचा तिसरी. मध्ये चिमूटभर सुटत नाही. कितीदा पाहिलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. आणि चालवणारे कोण? त्यातले काही तर आसपासचे शेतकरी!

सुनीलने पहिल्यांदा अख्खी रांग जाईपर्यंत मान लांब करून पाहिली. मग म्हणाला, "आपल्याकडे वरातीत दोन गाड्या धड एका रांगेत चालत नाहीत गं!"

*

आता नितीन. आमच्यातला एकुलता एक पायलट. इतकी वर्षं उजव्या खुर्चीत, को-पायलट. कॅप्टनची परीक्षा एकदा हुकलेली आणि या हिवाळ्यात दुसरी, शेवटची संधी. परीक्षक यानकाका. 'काका' आम्हीच जोडलेलं. माणूस असा, की स्वतःच्या लग्नातही 'ठीक आहे' एवढंच म्हणाला असेल!

नितीनने तयारी चक्क सायकलवर केली. बर्फावर वळण दिसलं की आधीच माणसाच्या चालीवर यायचं, मग हळूच वळायचं, वळताना ब्रेक नाही. सुपरमार्केटच्या वाटेवर एक ऐंशीची डच आजी वॉकर ढकलत त्याला मागे टाकून गेली. जाता जाता काळजीने म्हणाली, "रस्ता चुकलात का?"

त्याची बायको रूपाली म्हणते, "दूध यायला उशीर होतो, पण नवरा धड येतो."

*

परीक्षेच्या दिवशी नितीन कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत, यानकाका उजव्या, मागे भरलेलं विमान, आणि पुढे वाट दाखवायला मी! शेवटच्या वळणाआधी विमान थांबलं. रेडिओवर नितीनचा आवाज आला: इथे बर्फ फार आहे, मी वळणार नाही, ओढायला ट्रॅक्टर पाठवा. ऐन परीक्षेत नाही म्हणायचं? गेलं कॅप्टनपद!

तेवढ्यात वारा सुटला. आरशात बघते तर थांबलेलं विमान चालत होतं! चाकं जाम, आणि अख्खं धूड शेपूट फिरवत तिरकं गवताकडे निघालेलं. गवतापलीकडे कालवा. मी गाडी बाजूला घेतली आणि बघत राहिले.

आपण असतो तर ब्रेक आणखी दाबला असता. नितीनने सोडला! यानकाकांचा हात पुढे आला होता म्हणे, आणि तसाच थांबला. अडकलेलं चाक घसरतं, फिरतं चाक ऐकतं. विमानाचं नाक हळूहळू, अगदी हळूहळू मधल्या रेषेवर आलं. माझ्या शेजारून ते संथ पुढे गेलं आणि साफ केलेल्या पट्ट्यावर जाऊन थांबलं. खिडकीत एक बाई फोन बघत बसली होती, तिला पत्ताही नाही.

ट्रॅक्टरने विमान जागेवर आणलं. दोघं चाकं बघायला जिन्यावरून खाली उतरले. नितीनचा चेहरा पांढराफटक. यानकाका त्याच्या शेजारून निघाले. चार पावलं टाकली आणि त्यांचाच पाय सटकला. त्यांनी नितीनचा दंड घट्ट धरला, सोडला नाही, आणि म्हणाले,

"सावकाश, कॅप्टन."