चारशे खुर्च्यांचे स्क्रू

मिस्त्रीने रंधा खाली ठेवून माउस हाती धरला, त्याला सहा वर्षं झाली होती. पण सुतारकी काही अंगातून गेली नव्हती. दोन खोल्यांचा स्टुडिओ, आणि माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. अजून बांधायच्या असलेल्या इमारती आतून कशा दिसतील, याची चित्रं ते काढून देत. मिस्त्री संगणकात खुर्च्या-कपाटं घडवी, बायको रंग आणि उजेड पाही. मग यंत्र त्या सगळ्याचं खऱ्यासारखं चित्र काढी. त्याला रेंडर म्हणतात. कष्ट यंत्राचे, पण तेवढा वेळ मिस्त्री स्वतःला कलावंत समजे.

यंदा नाट्यगृहाचं काम आलं. चारशे खुर्च्या. जुन्या यंत्राने तिथे अंग टाकलं. शुक्रवारी चित्र गेलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि दुसरं काम तर हाती नव्हतंच. म्हणून गुरुवारी सकाळीच दोघं सगळा पसारा पेनड्राइव्हवर घेऊन संगणक जुळवून देणाऱ्या बाईंकडे गेली.

बाईंनी दोन यंत्रं दाखवली. एकाचं ग्राफिक्स कार्ड तगडं. चार मिनिटांत चित्र देणारं, पण पसारा त्या कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. दुसऱ्याच्या पोटात काहीही मावे, पण एका चित्राला दोन दिवस.

"पहिलंच घेऊ," बायको म्हणाली.

पसारा त्यात मावेना. बाईंनी एक खुर्ची उघडून पाहिली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"मिस्त्री, लाकडाच्या आत स्क्रू आहेत."

"मग काय बाहेर ठेवू?"

"आटेसुद्धा पाडलेत."

"गुळगुळीत स्क्रू धरत नाही, ताई."

"आणि प्रत्येक खुर्ची वेगळी केलीय?"

"तंतोतंत सारख्या दोन खुर्च्या मी जन्मात पाहिल्या नाहीत."

"पण हे आतलं दिसणार कुणाला?"

"दिसत नाही तिथेच सुतार कळतो," मिस्त्री म्हणाला. वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते पुन्हा म्हटलं. दोघींपैकी कुणी मान हलवली नाही. तो हळूच दुसऱ्या यंत्राकडे पाहू लागला.

"अहो, शुक्रवार उद्या आहे," बायको म्हणाली.

बाईंनी सगळे स्क्रू एकदम निवडले.

"थांबा, मी काढतो. ओढून काढले तर लाकूड फाटतं." मिस्त्री खुर्ची ओढून बसला आणि पहिला स्क्रू उलटा फिरवत, आट्याआट्याने बाहेर काढू लागला. चौथ्या स्क्रूला बायकोने माउस काढून घेतला आणि सगळे एका बोटाने पुसले.

मिस्त्रीने टेबलाची कड घट्ट धरली. पडद्यावर चारशे खुर्च्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. एकही कलली नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याला अपमान वाटला.

पसारा आता कार्डात मावला आणि चार मिनिटांत चित्र आलं. पडद्याला नाक लावून त्याने फरक शोधला. सापडला नाही. यंत्र घेऊन दोघं घरी आली.

शुक्रवारी दुपारी नाट्यगृहाच्या मालकांचा फोन आला. बायकोने तो मोठ्या आवाजावर लावला.

"काम तुमचंच. पण खुर्च्या काय भक्कम वाटतात हो. पाहूनच कळतं, आतून काम पक्कं आहे."

बायकोने फोनवर हात ठेवला. "सांगू का त्यांना?"

"नको गं," मिस्त्री पुटपुटला. "नाटकाला कुणी बसायचं नाही."