मोहाखालची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत डोळे मिटले तरी या जागी आले की मी शब्द बदलते — देवापुढेसुद्धा. तुम्हाला का सांगते आहे, ते ठाऊक नाही.

रूथबाई माझी मोठी जाऊ. ब्रह्मपुरीहून जीपनं तासाभरावर, जंगलाला लागून आमचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भातही उतरवता येत नव्हता. तिनं शिकवलं, आणि सासूला कधी कळू दिलं नाही. दिवाळीनंतर गावात मंडई भरायची, म्हणजे जत्रा, तिच्यात नाटक व्हायचं. बायकांची कामं करायला बाहेरगावच्या नट्या आणत. गावातली पहिली बाई स्टेजवर चढली ती रूथबाई. नेहमी आईचंच काम करायची. आवाज असा, की माइक बंद पडला तरी पार मागं बसलेल्याला ऐकू जावा. नाटक उजाडता संपायचं. रविवार असला तर डोळ्यांतलं काजळ पदरानं पुसत ती तशीच चर्चमध्ये गीत उचलायला उभी.

तो आवाज — त्याच्याकडेच मला यायचं आहे. आणि बघा, मी अजून घरातलंच सांगत बसले.

सहा वर्षं झाली. मोहफुलांचे दिवस होते. उजाडल्यावर आम्ही दोघी वेचायला गेलो. वाघ त्या अंगाला फिरतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून रूथबाई वेचता वेचता मोठ्यानं गीत म्हणत होती. जनावराला माणसाची चाहूल लागावी म्हणून. ती माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, मधे बांबूचं बेट.

तिसऱ्या कडव्यात गाणं तुटलं.

पाखरंही गप्प झाली. फुलं मात्र पडत होती — टप, टप. किती वेळ, कोण जाणे. मग तिनं हाक मारली. किंचाळली नाही. स्टेजवर मारायची तशीच, खालच्या सुरात, स्वच्छ.

"सुमन."

थोडं थांबून परत, "सुमन."

मी काय केलं? टोपली खाली ठेवली. टाकली नाही — आवाज होऊ नये म्हणून हळूच ठेवली. आणि उलट्या दिशेनं चालू लागले. गावची वाट लागल्यावर पळाले.

पळाले ती भीतीनं. पण पुढचं मी विचार करून बोलले. भाऊजी, रूथबाईचे यजमान, अंगणात होते. त्यांना म्हणाले, बाई दिसत नाहीत, त्या तळ्याकडं गेल्या होत्या, मला काही ऐकू आलं नाही. खरी जागा सांगितली असती तर कुणीतरी विचारलं असतं ना — इतकी जवळ होतीस, मग? माणसं काठ्या घेऊन, डबे वाजवत तळ्याकडं गेली. मी ओट्यावर बसून ते डबे ऐकत होते. लांब, लांब जाणारे. एक शब्द बोलले असते तरी ते वळले असते.

दुपारी सापडली. वाघानं सोडून दिलं होतं तिला. मोहाला पाठ टेकून बसलेली, मांडीवर पदर फाडून घट्ट बांधलेला, तिच्या हातच्या दोन गाठी. जंगलाचा गार्ड म्हणाला, बराच वेळ जित्या होत्या. शेजारी दोन टोपल्या होत्या. लोकांनी धरलं, दोन्ही तिच्याच. त्यातली एक माझी होती. म्हणजे ती आपल्या टोपलीच्या आधारानं सरकत सरकत माझ्या जागेपर्यंत आली होती. मी तिथं असेन म्हणून.

मातीच्या दिवशी तिची मुलगी एस्तेर, तेव्हा चौदाची, माझ्याजवळ येऊन बसली.

"काकू, आई शेवटी काई बोलली का वो तुमाले?"

"बोलली," मी म्हटलं. "लेकरायले सांभाळजो म्हनली."

हे शब्द आता रूथबाईच्या कबरीवरच्या क्रुसावर कोरलेले आहेत. लोक वाचतात आणि माझ्याकडं आदरानं बघतात. चर्चमध्ये तेच गीत लागलं की तिसऱ्या कडव्याला मी गायचं थांबते. बाकी सगळे गात असतात, पण मला मधे क्षणभर कुणीच गात नाही असं वाटतं. नुसती फुलं पडल्याचा आवाज येतो.

एस्तेर आता वीस वर्षांची. यंदा तीही नाटकात उभी राहिली. आवाज हुबेहूब आईचा झालाय. कुणी शिकवला नाही. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, मी धानाच्या बांधीत होते. पलीकडून हाक आली. "काकू." थोडं थांबून परत, "काकू." मी बांधाआड बसले. चिखलात, गुडघे पोटाशी घेऊन, श्वास धरून. ती शोधत शोधत आली. हातात माझ्यासाठी जेवणाचा डबा.

"काकू, इथी काऊन बसल्या? आयकू नाई आलं का?"

"नाई," मी म्हटलं.

आलं होतं. दोन्ही वेळा. तेव्हाही, दोन्ही वेळा.